देशी म्हणजे कुठल्या देशाचं?

मे संपत आला, रोहिण्या निघाल्या की शहरातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या आवारात देशी रोपांचा बाजार भरतो. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं मांडलेली असतात. पलीकडे मध, आमसुलं, नाचणीचे पापड. एका कडेला वारली चित्रं आणि बुरुडाच्या टोपल्या. अशाच एका बाजारात एका गृहस्थांनी सुरंगीचं रोप उचललं आणि पाकिटाला हात घातला. रोपवाल्या मावशींनी पैसे घेण्याआधी विचारलं, "दादा, लावणार कुठं?"

"बार्शीला. शेताच्या बांधावर."

मावशींनी रोप त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं. "मग हे नका नेऊ. पहिल्याच उन्हाळ्यात करपंल. ही मेडशिंगी न्या, न्हाईतर हा आपटा."

"पण सुरंगी देशीच आहे ना?"

"देशीच हाय की. पण तुमच्या देशाची न्हाई."

मावशींचं हे वाक्य मी त्यानंतर अनेकांना सांगितलं आहे. देशी झाडांबद्दल आपण अलीकडे पुष्कळ बोलतो, पण बोलताना जी गफलत होते ती या एका वाक्यात उघडी पडते. 'देशी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भारताचा नकाशा येतो. झाडाला तो नकाशा माहीत नसतो. त्याला पाऊस, माती, उंची, थंडीचे दिवस आणि उन्हाचा ताप एवढंच कळतं. आपल्या भाषेनं मात्र हा भेद पूर्वीच ओळखला होता. मराठीत 'देश' म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेचा मुलूख. कोकण वेगळं, मावळ वेगळं, देश वेगळा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट ओलांडून सोलापूर गाठेपर्यंत तो सहाशेच्या आसपास उरतो. मधलं अंतर एका दिवसाच्या प्रवासाचं. एवढ्या अंतरात सह्याद्री वनस्पतींची अख्खी वस्ती बदलून टाकतो. सुरंगी, कोकम, उंडी, नागकेशर एका बाजूला. मेडशिंगी, आपटा, हिवर, बोर, खैर दुसऱ्या बाजूला. देवदार हिमालयातला, म्हणजे शंभर टक्के भारतीय. पण पुण्याच्या बागेत तो गुलमोहराइतकाच परका.

वनस्पतिशास्त्रात स्थानिक वनस्पती म्हणजे माणसानं आणून न लावता एखाद्या प्रदेशात आपसूक वाढलेली, तिथल्या प्राणी-किड्यांबरोबर हजारो वर्षं काढलेली वनस्पती. कुठं काय मूळचं आहे हे ठरवायला आपल्याकडे साधनंही आहेत. थिओडोर कुक या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या प्राचार्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी सूची तयार केली. ती १९०१ ते १९०८ या काळात छापली गेली. कुठली वनस्पती कोणत्या घाटात, कोणत्या गावाजवळ सापडली याच्या नोंदी तिच्यात आहेत आणि अभ्यासक आजही ती उघडतात. दुसरं साधन त्याहून जुनं आहे : देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा आजूबाजूचा डोंगर उघडा झालेला असतानाही देवाच्या नावानं राखलेल्या चार-दोन एकरांत त्या जागेचं मूळ रान टिकून असल्याचं पुढं आलं. आपल्या गावाचं देशी झाड कोणतं, हे ज्याला कळत नाही त्यानं जवळची देवराई पाहावी.

आणि परक्या झाडांची नोंद तर आपल्या बोलीनंच ठेवली आहे. विलायती चिंच, विलायती बाभूळ, विलायती शिरीष : नावातच पत्ता. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. देवळाच्या दारात शोभणारा देवचाफासुद्धा अमेरिकेतून आलेला. आपला सोनचाफा वेगळा. इथं काही जण घाईनं निष्कर्ष काढतात की बाहेरचं ते सगळं वाईट. मला ते पटत नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा आहे, मिरची, पेरू, सीताफळ, काजू हे सगळे अमेरिका खंडातले. ज्या चिंचेखाली आपल्या कित्येक पिढ्यांची शाळा भरली ती मूळ आफ्रिकेची. त्यांच्याशी भांडण कशाला? भांडण आहे ते पसरणाऱ्यांशी. घाणेरी आणि रानमोडी डोंगरउताराचा कब्जा घेतात आणि खाली दुसरं काही उगवू देत नाहीत. काँग्रेस गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते नाही असा माळ शोधावा लागतो.

गिरिपुष्पाची गोष्ट थोडी वेगळी. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या करायच्या म्हणून ते लावलं गेलं. फांदी रोवली तरी जगतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून टिकतं. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी, कारण त्याच्या साली-बियांचा उपयोग उंदीर मारायला होतो. पुण्याच्या टेकड्यांवर फेब्रुवारीत गुलाबी बहर दिसतो तो याचाच. टेकडी हिरवी झाली हे खरं, पण तिथली धायटी, सालई, मोई, पांगारा मागे हटले.

हिरवळ आणि जंगल यांतला फरक पाहायचा तर झाडाच्या फुलांपेक्षा त्याची पानं पाहावीत, आणि पानांवर भोकं आहेत का ते पाहावं. बागेत भोकं पडलेलं पान दिसलं की आपण औषध मारायला धावतो. पण फुलपाखराची अळी सहसा कुठलंही पान खात नाही. प्रत्येक जातीची पानं ठरलेली. रुईचा चीक विषारी, तरी बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराची अळी तीच पानं खाऊन वाढते आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांना स्वतःपासून दूर ठेवते. बहाव्याच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते, त्यांत रानातला माकडलिंबूही येतो. मान दिला, पण माकडलिंबाचं रोप किती नर्सऱ्यांत मिळतं? देशी रोपांच्या बाजारात ते मिळतं, आणि माझ्या दृष्टीनं एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तिथं जाणं सार्थकी लागतं.

अळीचं पान ठरलेलं असतं, याची ऑस्ट्रेलियात मोठी किंमत मोजावी लागली. तिथल्या रिचमंड बर्डविंग या देखण्या फुलपाखराची अळी ईश्वरीच्या कुळातल्या एका स्थानिक वेलीवर जगते. बागांत शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतली, त्याच कुळातली वेल लावली गेली. मादी वासानं फसून तिच्यावर अंडी घालू लागली, आणि ती पानं विषारी असल्यानं अळ्या मरू लागल्या. शेवटी गावोगावच्या लोकांनी आणि शाळांनी मूळची वेल पुन्हा लावायला घेतली. आपल्याकडेही सह्याद्रीत सदर्न बर्डविंग हे भलंमोठं फुलपाखरू ईश्वरीवर, म्हणजे सापसंदावर वाढतं. अंगणात ईश्वरीचा वेल लावणं हे तसं लहानसं काम, आणि फळ मात्र तळहाताएवढं.

उंबराचं उदाहरण तर आपल्या म्हणींतच आहे. कधी न दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. फुलं असतात, पण ती फळाच्या आत दडलेली असतात, आणि तिथपर्यंत पोहोचते फक्त उंबराची ठरलेली एक चिमुकली गांधीलमाशी. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. ती माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही. मग हरियाल, धनेश, वटवाघळं हे सगळे त्या फळांवर जमतात. एका झाडाभोवती एवढं गणगोत असतं.

आता रोपं तयार करणाऱ्यांकडे वळू, कारण देशी रोपांच्या बाजाराचा खरा जीव त्यांच्या हातात आहे आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. शोभेची विदेशी झाडं वाढवणं सोपं. छाटकलम लावलं की महिन्याभरात विक्रीला तयार. देशी झाडांचं बी जमवण्यापासूनच कसोटी लागते. बहाव्याची शेंग वर्षभर झाडावर लटकते. आतलं बी इतकं कठीण की नुसतं पेरलं तर पुष्कळदा तसंच पडून राहतं. रानात माकडं-अस्वलं शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी रुजतं. रोपवाटिकेत मग ते दगडावर घासावं लागतं, नाहीतर गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं लागतं. याच्या अगदी उलट जांभूळ, कोकम, सीता-अशोक. ही बियाणी वाळवली की मेली. जांभूळ आज खाल्लं तर बी दोन-चार दिवसांत मातीत गेलं पाहिजे. त्यांची पेढी करून ठेवता येत नाही. ज्या हंगामात फळ, त्याच हंगामात रोप. चंदन तर नुसत्या पिशवीत नीट वाढतच नाही. त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून अन्न घेतात, म्हणून जाणते लोक त्याच्या पिशवीत तुरीचं एखादं रोप लावून देतात. ग्राहक ते तण समजून उपटतो आणि महिन्याभरात चंदन का मेलं म्हणून विचारायला येतो.

कोकमाचं आणखी एक. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेली रोपं घेतली तर त्यांतली बरीचशी नर निघतात, आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. फळंच हवी असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या 'कोकण अमृता'सारख्या जातीचं कलम घ्यावं. रान उभं करायचं असेल तर मात्र बियांचीच रोपं हवीत, आणि तीही एकाच झाडाच्या बियांची नकोत. एका झाडाची कलमं म्हणजे एकाच माणसाच्या शंभर प्रतिमा. एक रोग आला की सगळी एकदम जातात. चांगला रोपवाला म्हणून सांगतो : हे बी भीमाशंकरच्या बाजूचं, हे बी मुळशीचं, पाच-सहा झाडांखालून वेचलेलं.

महाराष्ट्रात २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं जाहीर झाली. आकडा मोठा झाला की रोपवाटिका पटकन उगवणाऱ्या, हमखास जगणाऱ्या जातींकडे झुकणार हे ओघानंच आलं. भोकर, टेटू, मुरुडशेंग, कुसुम, वावळ यांच्या वाट्याला अशा वेळी जागा उरत नाही. ती जागा ठेवतात ती ही छोटी, दोन-चार गुंठ्यांतली रोपवाटिका चालवणारी माणसं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणी राखल्याबद्दल. वाल, भात, भाज्या यांच्या बाबतीत त्यांनी जे केलं, तेच काम रानझाडांच्या बाबतीत अनेक जण नाव न होता करत आहेत.

बाजारातल्या बाकीच्या टेबलांकडे आपण पाहुणे म्हणून पाहतो. मला वाटतं ती टेबलं नसतील तर रोपांचा अर्थ अर्धाच कळतो. जूनच्या पहिल्या पावसात ठाणे-रायगडच्या कातकरी आणि ठाकर बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. त्यांच्याबरोबर मूठभर हिरवी काकडं असतात. शेवळानं घसा खवखवतो. त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं पडली की खाज मरते. शेवळं पावसाच्या पहिल्या सरींना जमिनीतून वर येतात आणि नेमकी तेव्हाच काकडाला कोवळी फळं असतात. दोन वनस्पती, एक पातेलं, आणि हे जुळवून ठेवणारी ती बाई. शेवळाचा वाटा घेणाऱ्यानं काकडाचं रोपही पाहून ठेवावं; काकडाची झाडं तुटत गेली तर शेवळाची भाजी आठवणीतच राहील.

मधाच्या बाटलीवर 'जांभूळ', 'हिरडा', 'कारवी' लिहिलेलं असतं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते तिथल्या रानातल्या याच फुलोऱ्यावर. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग मरते. आणि त्याच कारवीच्या काठ्यांचे कुड बांधून, शेणमातीनं लिंपून वारल्यांची घरं उभी राहिली. गेरूनं सारवलेल्या त्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्यानं चित्रं निघाली. जिव्या सोमा म्हशे यांनी ती चित्रं कागदावर, कापडावर नेली, जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण चित्राचा मूळ पडदा कारवीचा आहे. म्हणून कारवीच्या रोपांशेजारी वारली चित्रकार बसला तर ती सजावट म्हणून बसवलेली जोडी वाटत नाही, शेजार वाटतो.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचंही तसंच. हलकं, मऊ, रंग चांगला धरणारं पांगाऱ्याचं लाकूड त्यांच्यासाठी पूर्वी वापरात होतं. कोकणात कुंपणाला आणि मिरवेल चढवायला पांगारा लावत. कुंपणं सिमेंटची झाली तसा पांगारा मिळेनासा झाला आणि कारागीर आंब्यासारख्या दुसऱ्या लाकडांकडे वळले. धोब्याच्या कपड्यांवरच्या न पुसणाऱ्या खुणा बिब्ब्याच्या, पत्रावळी पळसाच्या, बुरुडाची सूपं-टोपल्या रानातल्या बांबूच्या. हस्तकला वाचवायची म्हणून आपण कारागिराचा सत्कार करतो. त्याच्या झाडाचं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

गणपतीच्या पत्रीचं टेबलही मला अशा बाजारात हवंसं वाटतं. माका, आघाडा, डोरली, शमी, बेल, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता : पत्रीची यादी म्हणजे गावाच्या आसपासच्या वनस्पतींची ओळख करून देणारा पाठच आहे. आज ती पत्री ओरबाडून पोत्यांनी शहरात येते, त्यात पुष्कळदा भलताच पाला असतो. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पानं खपवली जातात. आपट्याचं एक रोप सोसायटीच्या आवारात लावलं तर पुढच्या पिढीला निदान पान ओळखता येईल. अशीच फसगत अशोकाची. रस्त्याकडेला उंच, टोकदार, झुकलेल्या पानांचं जे झाड आपण अशोक म्हणून लावतो तो आसुपालव. खरा सीता-अशोक गोल पसरणारा, उन्हाळ्याच्या तोंडावर शेंदरी फुलांच्या गुच्छांनी भरणारा. रानात तो दुर्मीळ झाला आहे आणि बाजारात त्याच्या नावावर दुसरंच विकलं जातं.

एक गोष्ट मात्र या बाजारांत मला अजून कमी दिसते, ती म्हणजे गवत. झाड लावणं म्हणजेच निसर्ग, असं आपण धरून चाललो आहोत. सोलापूर, पुणे, नगरचे माळ हे उजाड पडलेलं जंगल नाही. ती गवताळ रानं आहेत आणि चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक यांची ती घरं आहेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, आज तिथं माळढोक दिसणं हीच बातमी ठरते. अशा माळावर खड्डे खणून झाडं लावली, ती अस्सल देशी असली तरी, माळाचा घात होतो. तिथं पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचं बी हवं. गवताच्या बियांची पुडी विकत घेणारा ग्राहक तयार होईल, तेव्हा देशी रोपांची चळवळ वयात आली असं मी म्हणेन.

घेताना काही गोष्टी नक्की पाहाव्यात. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलं असेल किंवा आत गोल गुंडाळलं असेल तर ते झाड पुढं वाऱ्यात उलटतं. उंच रोपापेक्षा ताठ, जाड बुंध्याचं लहान रोप चांगलं. आणि रानातून उपटून आणलेलं काही घेऊ नये. झाडांवरच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, आणि कंदीलपुष्पं यांचा मोह अनेकांना होतो. कंदीलपुष्पांच्या काही जाती सह्याद्रीच्या एखाद-दुसऱ्या कड्यापुरत्या उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्या निगुतीनं वाढवल्या जातात. कंद खणून विकणाऱ्याला आपण पैसे दिले तर पुढच्या वर्षी तो आणखी खणतो. बियांपासून वाढवलेलं आहे का, हे विचारायला संकोच करू नये. खरा रोपवाला या प्रश्नानं खूश होतो.

कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकांसाठी एवढंच : तिथं १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या शाखा अशाच विक्री भरवतात, पण त्या बऱ्याचदा ऑक्टोबरच्या सुमारास, कारण तिथला पाऊस हिवाळ्यात येतो. तिथं राहून बहावा लावायचा हट्ट करण्यापेक्षा तिथला ओक लावावा. मावशींचा प्रश्न तिथंही तोच लागू पडतो.

आपल्याकडे मृग साधारण ७-८ जूनला लागतो. पहिल्या सरींना घाई करू नका; जमीन वीतभर खोल भिजली की रोप लावा, पिशवी पूर्ण काढा, बुंध्याशी पालापाचोळा घाला, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. झाडाला पहिल्या शेंगा धरल्या की त्यातलं मूठभर बी वेचून, ज्यांच्याकडून रोप घेतलं त्यांना नेऊन द्या.